खटक्यावरची पट्टी

६ ऑक्टोबर

भावजी,

'इकडे सर्व क्षेम' असं लिहून सुरुवात करायची असते हे मला माहीत आहे, पण सर्व क्षेम नाही. तेव्हा कामाचं आधी लिहिते. गवत कापायच्या ट्रिमरचं गार्ड कुठे आहे? खाली जिथे गवत कापणारा नायलॉनचा दोरा गरगर फिरतो, त्याच्यावर बसणारं ते काळं प्लास्टिकचं झाकण, अर्ध्या ताटाएवढं. पुढच्या खोलीतली सगळी खोकी मी उपसली. कुंपण कापायच्या मशीनचं म्यान मिळालं, ग्राइंडरची हरवलेली किल्ली मिळाली, तुमचा एक मोजा मिळाला. गार्ड नाही मिळालं. दुकानदार म्हणतो ते मॉडेल बंद झालं, सुटं गार्ड आता यायचं नाही.

हे पत्र तुमच्या दादांना माहीत नाही. कळलं तर घर डोक्यावर घेतील असं पूर्वी लिहिलं असतं. आता तसं होणार नाही. हल्ली ते रागावत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि मला ते जास्त जड जातं. तुम्ही गेल्यापासून या घरात तुमचं नाव निघत नाही. 'धाकटा' म्हणायची वेळ आली की ते 'दुसरा माणूस' म्हणतात. दुसऱ्या माणसाची शिडी, दुसऱ्या माणसाचा चष्मा. तुमचा तो कामाचा जाड गॉगल अजून दाराजवळच्या खिळ्यावर आहे. मी तो पुसून ठेवते.

हॉस्पिटलच्या आवारात गवताच्या कामावर तुमचं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. तुम्ही दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितलं, त्यातलं जुळतं तेवढं मी खरं धरलं. दोरा लांब सोडता यावा, एका फेरीत जास्त गवत पडावं, म्हणून यांनी गार्ड काढून टाकलं होतं. आणि खटका सारखा दाबून धरावा लागू नये म्हणून त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. तुम्ही आलात, प्लग उपटलात, पक्कड काढून पट्टी कापलीत आणि तिथल्या मुख्य माळ्यासमोर म्हणालात, "हातानं खटका धरून चालवता येत नसेल तर घरी बसा." यावर ते म्हणाले, "माझ्या हाताखाली शिकलास आणि मलाच शिकवतोस? नीघ." तुम्ही निघालात. दोघांपैकी एकही नाकावर माशी बसू देणारा नाही, मग तिसरं काय होणार?

तर तुम्ही कापलेल्या पट्टीच्या जागी दुसऱ्याच दिवशी नवी आली. जुन्या ट्यूबांना आपल्या घरी काय तोटा. हात सुटला की मशीन थांबतं, एवढा एकच शहाणपणा त्या मशीनला दिलेला आहे आणि तोच आम्ही बांधून ठेवला आहे. मला भीती वाटते. रोज संध्याकाळी ते दारात आले की मी आधी त्यांचे हात बघते, मग तोंड.

तुमच्या जागी एक माणूस ठेवला आहे. बरा आहे. बोलतो जरा जास्त, पण पगारावरून कुरकुर करत नाही. गार्ड त्याच्यासाठीच हवं आहे.

तुम्ही तिथल्या दुकानात मशीन दुरुस्त करता असं ऐकलं. जेवण कुठे करता ते कुणी सांगितलं नाही. ते कळवा.

वहिनी

१९ ऑक्टोबर

भावजी,

पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन मशीनच्या. जेवणाबद्दल 'होतं' एवढा एकच शब्द. या शब्दाला मीठ तरी असतं का?

गार्ड तुमच्याच पिशवीत आहे हे वाचून मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी ते परत बसवायला म्हणून तुम्ही गाडीतून काढून घेतलंत, आणि पुढे भांडण झालं, हे पटलं. पण पुढची ओळ पटली नाही. 'दादांनी स्वतः मागितलं तर पाठवीन.' भावजी, ते मागणार नाहीत. तहान लागली तरी पाणी मागायचं नाही, तांब्याकडे बघत बसायचं, ही त्यांची जात. तुम्ही त्यांच्याच घरात वाढलात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शाळेचं काम आपल्याला मिळालं आहे. मोठं मैदान, आणि त्याच्या कडेचा तो उताराचा लांब बांध, जिथे कमरेएवढं गवत माजलं आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्पर्धा आहेत, त्याआधी सगळं साफ हवं. काम नीट झालं तर वर्षभराचं आपल्याकडे येईल.

अकरा तारखेला, रविवारी, तिथे एक खडा उडाला. गार्ड असतं तर तो आतल्या आत आपटून खाली पडला असता. तो सरळ वर्गाच्या खिडकीत गेला. काचेला नुसतं भोक पडलं आणि भोवती जाळं. सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. मुख्याध्यापिका आल्या. त्या आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. त्यांनी त्या खिडकीखालच्या बाकावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथे उद्या एक मुलगी बसेल." एवढंच बोलून गेल्या. तुमचे दादा मला म्हणाले की काच जुनी होती, फुटायचीच. पण घरी आल्यावर चहा त्यांनी तसाच गार होऊ दिला, आणि पुढचे दोन दिवस त्यांनी त्या बाजूचं गवत विळ्यानं कापलं.

पट्टी मात्र सोडत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, सवय आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर उठून गेले.

आता त्या माणसाचे प्रश्न. तो मला भंडावून सोडतो, मला यातलं काय कळतं? उतारावर उभं राहायचं ते वरच्या अंगाला की खालच्या? खांद्याचा पट्टा किती आवळायचा, कारण संध्याकाळी मान धरते म्हणतो. वायर पायात येते, ती कुठून घ्यायची? दोरा गवतात अडकला की तो गुंडाळलेली खालची डबी गरम होते आणि वास येतो, तेव्हा काय करायचं? दगडाजवळ दोरा तुटतो आणि पायाला फटका बसतो, त्याला उपाय काय? सविस्तर लिहा. माणूस नवीन आहे, हातपाय मोडले तर आमच्या गळ्यात यायचा.

अजून एक. तुमचे दादा हल्ली शर्टाची वरची दोन बटणं लावत नाहीत. थंडी पडायला लागली आहे, सकाळी दव असतं, तरी गळा उघडा. मी म्हटलं या वयात कुणाला दाखवायचंय? ते हसले नाहीत. पूर्वी हसले असते. आणि कपबशा फुटतात. मी फोडत नाही.

वहिनी

२ नोव्हेंबर

भावजी,

दीड पान लिहिलंत. मला वाटलं होतं तुम्ही लिहायचं विसरलात, पण मशीनचा विषय निघाला की तुमची लेखणी बरी चालते. वर उभं राहू नये, घसरला तर पाय थेट दोऱ्यात जातो, म्हणून खालच्या अंगाला उभं राहून आडवं कापत जावं. वायर खांद्यावरून पाठीमागे. बूट जाड, पँट लांब, आणि जवळपास माणूस आला तर आधी थांबायचं. आणि शेवटी दोनदा रेघ मारून लिहिलंत की डबीला हात लावायच्या आधी प्लग काढून खिशात ठेवायचा. नुसता काढून गवतात टाकायचा नाही, कारण टाकलेला प्लग दुसरा कुणीतरी उचलून लावतो. खिशात. त्या माणसानं हे पाठ केलं आहे.

आणि खाली विचारलंत, 'त्या माणसाचं नाव काय?'

सांगते. पण आधी बाकीचं ऐका, कारण त्यासाठी मला आज धीर गोळा करावा लागला आहे.

परवा सकाळी दूध उतू जात होतं. मी मोरीत होते. तुमच्या दादांनी पातेलं उतरवलं. चिमट्यानं नाही, फडक्यानं नाही, नुसत्या हातानं. मी धावत आले तर पातेलं हातात धरून उभे, आणि मला सांगताहेत की दूध वाचलं. बोटांना फोड आले होते. त्यांना कळलं नव्हतं, भावजी. मी हात पाण्याखाली धरला तेव्हा बोटांची टोकं पाहिली. पांढरी होती, मेणासारखी. मी नखानं दाबलं, ते माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "सकाळी झोपलेली असतात. दुपारी उठतात."

मी म्हटलं, आणि दुपारीही उठली नाहीत तर? तर म्हणाले, अंगठा अजून शाबूत आहे.

मग मी त्यांना बसवलं आणि उठू दिलं नाही. इतकी वर्षं थरथरणारी मशीनं धरून धरून बोटं गेली. आधी मुंग्या यायच्या, मग थंडीत पांढरी पडायला लागली, मग नाणं आहे की बटण हे खिशात हात घालून कळेना. बटणं लागत नाहीत म्हणून लावत नव्हते. घट्ट बसलेला प्लग ओढता येत नाही म्हणून तो कधी काढत नव्हते. आणि खटका दाबून धरता येत नाही म्हणून पट्टी. सवय नव्हती. आळस नव्हता. बोटं मिटतच नव्हती.

तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात ते आठवा. हातानं धरून चालवता येत नसेल तर घरी बसा. भावजी, त्यांना खरंच धरता येत नव्हतं. ज्यानं तुम्हाला हाताला धरून मशीन शिकवलं त्याला तुम्ही चारचौघांत तेच करून दाखवा म्हणालात. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, एका ताटात जेवून मला कळलं नाही. पण त्यांनी तुम्हाला का घालवलं ते आता तरी समजून घ्या. तुम्ही आणखी अर्धा तास थांबला असतात तर तुम्हाला दिसलं असतं, म्हणून घालवलं.

हे मी तुम्हाला सांगितलं असं त्यांना कळता कामा नये. त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली आहे. ती मोडायला मला आठवडाभरही लागला नाही, बघा.

आता तो माणूस. तुमच्या दादांची जुनी पँट कमरेला दोरीनं आवळून, तुमचा गॉगल लावून, तुमचे बूट आत कापड कोंबून घालणारा तो माणूस मी आहे. आपल्याकडे येऊन राहायला कोण तयार होतं? दोन जण आले, बांधलेला खटका बघून दोघेही परत गेले. मग मी म्हटलं मला द्या. आधी हसले. मग दिलं. मी पट्टी सोडून ठेवते आणि माझ्या बोटानं खटका धरते, तेवढी अट मी घातली आणि ती त्यांनी पाळली. पण आवारात कुणी मोठं माणूस दिसलं की ते येऊन मशीन माझ्या हातातून घेतात. पट्टी त्यांच्या खिशातच असते. बायको काम करते आणि नवरा उभा, असं कुणी बघू नये म्हणून. तेवढा वेळ मी दूर उभी राहते आणि त्यांच्या हातांवरची नजर काढत नाही.

आणि तुमचं ते गार्ड. 'दादांनी मागितलं तर.' गार्ड नाही म्हणून खडे कुणाच्या नडग्यांवर बसतात ते आता कळलं असेल. माझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळानिळा आहे. तुम्हा भावांची रस्सीखेच चालू द्या, पण दोरीच्या मधोमध मी उभी आहे एवढं बघा.

शाळेचा बांध अर्धा झाला आहे. मशीन शनिवार-रविवारच चालवता येतं, मुलं नसताना. पंधरा तारखेला शेवटचा दिवस, सोमवारी स्पर्धा.

वहिनी

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

भावजी,

आधी हे वाचा की आम्ही दोघं जिवंत आहोत, घरी आहोत आणि माझी दहाही बोटं जागेवर आहेत. आता बाकीचं.

सकाळपासून काम चांगलं चाललं होतं. मी बांधावर, ते खाली दाताळ्यानं गवत ओढून ढीग करत होते. वायर शाळेच्या व्हरांड्यातून आणली होती. दुपारी मुख्याध्यापिका पाहुण्यांना घेऊन मैदान दाखवायला आल्या. तुमचे दादा लगेच वर आले आणि मशीन घेतलं. मी काही म्हणायच्या आत पट्टी गुंडाळून झाली. पट्टीला बोटं लागत नाहीत, दातांनी ओढून गाठ मारतात.

पाहुणे बघून आत गेले. यांनी थोडं कापलं आणि वीज गेली.

मशीन हातातच थांबलं. त्यांनी ते तसंच बांधावर ठेवलं, पट्टीसकट, आणि वॉचमनला विचारायला गेले की वीज कधी येणार. वॉचमनची खोली मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहे, जनरेटर तिथेच. मी मशीनपाशी आले. ऊन उतरत होतं आणि बांधाचं शेवटचं टोक राहिलं होतं. डबीभोवती ओलं गवत दोऱ्यासारखं आवळून बसलेलं दिसलं. म्हटलं वीज येईपर्यंत हे तरी काढू. खाली बसले आणि हात घातला.

खोटं कशाला लिहू, आधी हात घातला. वीज नाही म्हणजे मशीन मेलेलं, असंच त्या क्षणी वाटलं. तुमचं दीड पान मला पाठ होतं आणि तरी माझी बोटं डबीत होती. गवताचा एक पुंजका ओढला, निघेना. दुसरा ओढला. मग माझी नजर खटक्यावर गेली. पट्टी तशीच होती, खटका आत दाबलेला. म्हणजे मशीन मेलेलं नव्हतं. ते चालूच होतं, फक्त विजेची वाट बघत होतं.

मी हात काढून घेतला तो असा की कोपर दगडावर आपटलं. मग गुडघ्यांवर सरकत वायरच्या जोडापाशी गेले, दोन्ही हातांनी प्लग उपटला आणि पँटच्या खिशात कोंबला. वरून हात ठेवून तो आहे ना ते बघितलं. मग परत येऊन बसले आणि गवत काढायला लागले.

त्याच वेळी तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर वॉचमननं सांगितलं. त्यानं जनरेटर चालू केला होता. त्या आवाजात माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. जनरेटरची वीज शाळेला द्यायची तर भिंतीवरच्या लोखंडी पेटीचा मोठा दांडा खाली ओढावा लागतो. त्यानं दांड्याला हात घातला. तुमचे दादा दारात उभे होते, आणि त्यांनी सहज मागे वळून बांधाकडे बघितलं. त्यांना मी दिसले. खाली बसलेली, डबी दोन्ही हातांत धरून. पट्टी सोडली नाही हे त्यांना तेव्हा आठवलं.

प्लग माझ्या खिशात आहे हे त्यांना दिसायचा काही प्रश्नच नव्हता.

ते ओरडले. वॉचमनची पाठ होती आणि वर तो आवाज. यांनी झेप घेऊन दांडा धरला. पण धरला कसला, बोटं मिटलीच नाहीत. दांडा त्यांच्या हातातून निसटून खाली यायला लागला. तेव्हा त्यांनी आपला हात दांडा आणि पेटीच्या मध्ये घातला, सुतार फटीत पाचर घालतो तसा. दांडा अडला. वॉचमनला वाटलं गंज चढला आहे. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, भावजी. यांनी हात काढला नाही. मग त्यानं मान वळवून बघितलं.

मला फक्त कुणीतरी माझ्याकडे पळत येताना दिसलं. मैदान ओलांडून, ठेचकाळत. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना बघितलं नव्हतं. ते आले आणि मला दंडाला धरून मशीनपासून ओढलं, माझे हात उलटेसुलटे करून बघितले. एकेक बोट बघितलं. मग त्यांनी माझ्या बाहीकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "हे रक्त कुठून येतंय?"

त्यांचंच होतं. पेटीच्या पत्र्यानं तळहात करंगळीपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत फाटला होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

तोवर वॉचमन आला, मुख्याध्यापिका आल्या, पाहुणेही आले. वॉचमन रडकुंडीला आला होता, सारखं म्हणत होता की यांनी ओरडायचं नाही का, हात काढून घ्यायचा नाही का, दुखलं नाही का. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी म्हणणार होते की ते हट्टी आहेत, मुद्दाम सोसतात. तेवढं खोटं माझ्या तोंडाशी तयार होतं. पण त्यांनी माझ्याआधी तोंड उघडलं.

"मला बोटं कळत नाहीत," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मग बांधाच्या पायरीवर बसले आणि मुख्याध्यापिकांनी दिलेल्या टॉवेलात हात धरून ठेवला. मला रडू आलं. भीतीचं होतं की सुटल्याचं होतं ते मला अजून ठरवता येत नाही.

दवाखान्यातून आत्ताच आलो. टाके पडले. ते झोपले आहेत. पुढचं मी धीर आला की लिहीन.

वहिनी

१९ नोव्हेंबर

भावजी,

हे पत्र त्यांना माहीत आहे. समोर बसले आहेत, हात उशीवर ठेवून, आणि मी किती लिहिते आहे त्यावर डोळा आहे.

डॉक्टरीणबाईंनी बोटांना टाचणी लावून लावून बघितलं. थरथरणारं कुठलंही मशीन यापुढे हातात घ्यायचं नाही. आता थांबलं तर थोडंफार परत येईल, कदाचित येणारही नाही. नाही थांबलं तर जे आहे तेही जाईल. हे ऐकून तुमच्या दादांनी विचारलं, दाताळं चालेल का? त्या म्हणाल्या दाताळं चालेल. मग ते एकदम शहाण्या मुलासारखे उठले.

शाळेचं सांगते. बांधाचं टोक तसंच राहिलं, आणि सोमवारी मुलं त्या गवतासकट धावली. वर्षाचं काम मिळालं की नाही? मुख्याध्यापिका स्वतः घरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काम तुमचंच, पण गार्ड नसलेलं मशीन माझ्या फाटकातून आत येणार नाही. मी म्हटलं, माझ्याही येणार नाही. यांनी मान हलवली.

आता जे सांगायला बसले ते. दवाखान्यात माझ्या खिशातून रुमाल काढताना तो प्लग बाहेर आला. त्याला लागलेली मशीनची वायर मी शाळेतच पक्कडीनं तोडली होती, कारण मशीन आणि वायर गुंडाळत बसायला वेळ नव्हता आणि प्लग हातातून सोडायचा मला धीर नव्हता. त्यांनी तो प्लग चांगल्या हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"म्हणजे तू आधीच काढला होतास?"

मी हो म्हटलं. मग त्यांना कळलं की त्यांनी हात घातला नसता तरी मला काही झालं नसतं. मला वाटलं आता यांना वाईट वाटेल, हात फुकट गेला म्हणून. ते उलट खुर्चीत मागे रेलले आणि डोळे मिटून म्हणाले, बरं झालं. दोनदा म्हणाले. मग विचारलं की हे खिशात ठेवायचं तुला कोणी शिकवलं?

मी शपथ मोडली तेही सांगितलं, पत्रांचंही सांगितलं. म्हटलं, धाकट्यानं शिकवलं. दीड पान लिहून.

त्यांनी प्लग हातात फिरवला. नंतर म्हणाले, "त्याला मी शिकवलं होतं. पहिल्या दिवशी. प्लग त्याच्या खिशात दिसेपर्यंत मी त्याला डबीला हात लावू देत नव्हतो."

तुम्ही हे मला लिहिलं नव्हतंत, भावजी. दोनदा रेघ मारून लिहिलंत, पण कोणाचं ते लिहिलं नाहीत. कसले भाऊ आहात तुम्ही दोघं.

काल त्यांनी पक्कड मागितली. बोटं मिटत नाहीत म्हणून पक्कड मी धरली, आणि त्यांनी वरून चांगल्या तळहातानं दाबलं. पट्टी तुटली. ती या पाकिटात घातली आहे. टाकून द्या किंवा ठेवा, तुमची मर्जी. आमच्या घरात आता ती ठेवायची नाही.

मग मी म्हटलं, धाकट्याला काय लिहू? त्यांनी खूप विचार केला. शेवटी म्हणाले, "लिही, की गार्ड पोस्टानं पाठवू नकोस. पोस्टात फुटेल. हातानं घेऊन ये."

ते गार्ड गाडीखाली येऊनही फुटलं नव्हतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

येताना मशीनला नवा प्लगही घेऊन या. तोपर्यंत ते पुढच्या खोलीत उभं आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. तुमची खाट मी उन्हात टाकली. तुमचा गॉगल मी वापरते, तो परत मागू नका.

यानंतरही ते काहीतरी म्हणाले. मी लेखणी उचलली तर म्हणाले, हे लिहू नको, हे मी त्याला सांगेन. म्हणून लिहीत नाही. या आणि ऐका.

तुमची वहिनी